दोर

सातवीच्या पेपरात प्रश्न होता:
विजयदुर्गाच्या खाडीत आरमार का जळाले? कारणे लिहा. गुण चार.
मी लिहिलं, शत्रूच्या तोफा मोठ्या होत्या.
वारा त्यांच्या बाजूचा होता.
आणि फितुरी.
(फितुरी लिहिली की एक गुण सुटत नाही, हे आम्हाला पाठ होतं.)

मिठबावकर गुरुजींनी काहीच खोडलं नाही.
फक्त खाली, लाल शाईत, एक शब्द:
दोर.

मग वर्ग धक्क्यावर नेला.
"इथं उभी होती सगळी. गुराबा, गलबतं.
खेटून, एकमेकांना बांधून.
गोळा पडला एका जहाजावर.
बाकीच्यांना शत्रूनं नाही पेटवलं, पोरांनो.
शेजाऱ्यानं पेटवलं."
पाणी तेव्हा अगदी साधं दिसत होतं.
वरून एक प्लास्टिकची बाटली चालली होती.
मला दोन गुण मिळाले.

आता मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
एका मंगळवारी कॉम्प्रेसर बसला,
मालक चार माणसांत नको ते बोलला,
मी "हो" म्हणाले, वही मिटली, घरी आले.
दारात केतकीच्या चपला आडव्या.
मग मी तिला ते सगळं बोलले
जे मालकाला बोलायचं होतं.
ती धाकट्यावर ओरडली,
धाकट्यानं मांजराला लाथ घातली,
नवरा जाळं विणता विणता उठून गेला, जेवलाच नाही.
आठ वाजेपर्यंत आमचं अख्खं आरमार जळत होतं
आणि गोळा पडला होता
दीड कोसावर,
बर्फात.

त्या रात्री तो लाल शब्द आठवला,
तेवीस वर्षांनी.

तेव्हापासून घरी जाण्याआधी धक्क्यावर थांबते.
दहा मिनिटं. होड्या मोजते.
लोक विचारतात, कोणाची वाट बघतेस गो?
मी म्हणते, कोणाची नाही, दोर कापतेय.
हसतात.

पण कापायची सवय लागली की हात थांबत नाही.
दिगंबर, माझा सख्खा भाऊ,
आईच्या पाटल्यांवरून एक वाक्य बोलला
आणि मी तो दोरही कापला.
चार वर्षं.
आग लागली नाही, खरं आहे.
काहीच लागलं नाही.
त्याच्या घरचे फणस कधी पिकले तेही कळलं नाही.

मग मे महिन्यातलं ते वादळ.
सगळ्यांनी होड्या खाडीत आत नेऊन
एकमेकींना जखडल्या होत्या.
आमची एकटी, बाहेरच्या अंगाला,
माझ्याच शहाणपणानं.
रात्री दोनला नांगर सुटला.
नवरा कमरेएवढ्या पाण्यात, बॅटरी विझलेली,
आणि अंधारातून कोणीतरी दोर फेकला.
आवाज ओळखीचा. शब्द एकच: "धर."

सकाळी आमची होडी त्याच्या होडीला बांधलेली.
बाजूची फळी फुटली होती, पण होती.
मी गाठ बघत बसले.
अशी गाठ मला येत नव्हती.
दिगंबर चहा पीत म्हणाला,
"येका हिसक्यात सुटता ती.
हिसको मात्र आपणच देवचो."
पाटल्यांचं दोघांनीही काढलं नाही.

गुरुजी असते तर पेपर घेऊन गेले असते.
म्हटलं असतं, तुमचा शब्द बरोबर आहे,
पण त्याच्या खाली अजून एक जागा आहे.
अर्धा गुण तरी वाढवा.

शिकले म्हणावं तर परवा शुक्रवारी
गॅसच्या सिलिंडरवरून पुन्हा पेटले.
धाकटा जळला. नवरा थोडा करपला.
केतकीला हाक मारली, तर घरात नाही.
चपलाही नाहीत.
खिडकीतून पाहिलं:
धक्क्याच्या टोकाला उभी होती,
बोट पुढं करून
होड्या मोजत.