पाचवा पाय

तार्तूच्या संग्रहालयात, तळघरातल्या टेबलावर
घुबडानं ओकून टाकलेली गोळी,
राखाडी, वाळकी, अंगठ्याएवढी.
"फोडा," म्हणाला उर्मास, चिमटा हाती दिला
आणि खिडकीशी जाऊन बर्फ बघत उभा राहिला.

हेल्वेबाई तेवीस वर्षं फळ्यावर काढत आल्या
गवत, उंदीर, घुबड.
मधले बाण पट्टीनं आखलेले.

केसांच्या गुंत्यातून आता जबडा निघाला.
दात कणीहून बारीक,
टोकं मात्र तांबडी, विडा खाल्ल्यासारखी.
"उंदराचे दात असे असतात?"
"असतात का?" उर्मासनं उलट विचारलं.

राग आला. उत्तर खिशात घालून
फिरतो मेला!
मग भिंग घेतलं. दुसरी गोळी. तिसरी.
उंदीर नव्हेच, चिचुंद्री.
ही तर किडे खाते. म्हणजे बाण...
कॉफी कधी गार झाली, कळलं नाही.

सोमवारी गावच्या शाळेत
अकरा पोरं, अकरा चिमटे, फळा कोरा.
बाई खिडकीशी, जीभ दातांखाली धरून.
मागून रायको ओरडला,
"बाई, माझ्या उंदराला पाच पाय आहेत!"

बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.
त्या बघत राहिल्या.