शिळाछाप

नागपूर, वैशाख वद्य चतुर्थी, शके १८१०

चि. सौ. आवडीस आशीर्वाद.
दिवसा शाई दौतीतच आटते, म्हणून पहाटे लिहितो.
कलकत्त्याहून अखेर छापील पत्रक आले.
टाकळीच्या खडकातली माझी गोगलगाय
तिसऱ्या पानावर, अंगठ्याच्या नखाएवढी.
वर साहेबांचे नाव. चित्र माझे.
तीन रात्री कंदिलाशी मान मोडून काढले होते;
तुझी आई म्हणायची,
माझे तोंड तरी कधी एवढे पाहिलेत का.
प्रत सोबत आहे. जावईबापूंना दाखव.
दाढेचे दुखणे आहे तसेच.


भंडारा, ज्येष्ठ

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.
पत्रक पोचले. घरात हातोहात फिरले.
मामंजी म्हणाले, गोगलगायीसाठी सरकार पगार देते?
पण बाबा,
लग्नात माझ्या ओटीत तुम्ही गुपचूप टाकलेली
ती दगडी गोगलगाय, हळकुंडाशेजारची,
अजून माझ्या करंड्यात आहे.
टोक वर धरले की तिचे तोंड
डावीकडे उघडते.
छापलेली उजवीकडे.
चारदा पाहिले.
मग आरशात धरली, तेव्हा जुळली.


नागपूर. कार्ड.

त्यांच्या दोन जाती असू शकतात.
संसारात लक्ष घाल.


भंडारा, भाद्रपद

धानाच्या बांध्यांतून शंभर गोगलगायी वेचल्या.
खरे तर एकशे सात,
शेवटच्या सात पोरांनी आणल्या.
सगळ्या उजव्या.

आणखी एक. देव्हाऱ्यात सासूबाईंचा
दक्षिणावर्ती शंख आहे.
त्यांच्या वडिलांनी म्हणे दोन म्हशी विकून घेतला.
घर निजल्यावर तो उचलला, सोवळ्याशिवाय
(पाप लागले तर तुमच्या खात्यावर).
भटजी त्याचे टोक स्वतःकडे धरतात
म्हणून तो उजवा ठरतो.
मी तुमच्यासारखा धरला, टोक वर.
डावा निघाला.

म्हणजे बाबा,
तुपाचा दिवा लावून पुजतात
तो डावखुरा.

अक्षर ओळखता आले नसेल म्हणून सांगते,
हे पत्र त्याच हाताने लिहिले आहे.


नागपूर, आश्विन

आवडे,
साहेबांना विचारायचा धीर झाला नाही.
सीताबर्डीवर शिळाछापवाल्या करीमखाँकडे गेलो.
तो हसला. म्हणाला, पंडितजी,
दगडावर सुलटे काढले की कागदावर उलटे येते,
एवढे तर माझे पोरगे जाणते.
कलकत्त्यात कोणी माझे चित्र
होते तसेच दगडावर उतरवले असणार.
आणि छापून आल्यावर मी ते पाहिलेच नाही.
मी नाव शोधत होतो. माझे. ते नव्हते.

शुद्धिपत्र लिहून दिले आहे:
आकृती चौथी उलट समजावी,
भंडाऱ्याच्या मिस्टर ए. यांनी हे लक्षात आणून दिले.
साहेब म्हणाले, हा कोण?
मी म्हणालो, जुना विद्यार्थी.
दुसरा शब्द ओठापर्यंत आला होता.

जेवताना तुझा हात मी बांधत असे,
तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने,
तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून आठ होईपर्यंत.
तू रडायची नाहीस. भात सांडायचीस.
दगडातल्या गोगलगायीचे वेढे मी भिंगाखाली मोजले,
आणि त्या काठाचा रंग
मला आठवत नाही.
तुला आठवतो का?


भंडारा. कार्ड.

हिरवा.

शुद्धिपत्रात एक चूक राहिली आहे,
मिस्टर नव्हे.
छापायच्या आधी सुधारा.

दाढेत लवंग धरत जा.
उजव्या की डाव्या,
ते तुम्ही लिहिले नाहीत.