हातचे वीस

खोका बुटांच्या खोक्याहून लहान.
गॅरेजमध्ये तिसऱ्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे.
तू गेलास मार्चमध्ये, व्हर्लिन,
हा मला जूनमध्ये सापडला,
केलॉगच्या डोंगरांवरचा बर्फ उतरल्यावर,
तोही मी पांढरा रंग शोधत होते म्हणून.

आत पिस्तुलाचा सांगाडा, राखाडी, प्लास्टिकचा,
दात न फुटलेल्या हिरडीसारखा.
एक लाल साचा. दोन गिरमिटं,
त्यातलं एक अजून तेलकट कागदात.
आणि माहितीपत्रक:
ऐंशी टक्के काम झालेलं आहे,
उरलेले वीस आपल्या हातचे.

हातचा मी शाळेपासून विसरत आले.
बेरीज नीट मांडायची, आणि हातचा कुठेतरी हवेत.
चेकबुक म्हणूनच तुझ्याकडे असायचं.

मर्ल हॉगनचा दोनदा फोन येऊन गेला.
त्याला ठाऊक होतं म्हणे, तू मागवलायस.
"पूर्वी कायदा याला पिस्तूल म्हणत नसे, आर्डिस,
नंबर नाही, नाव नाही, नुसता ठोकळा. टपालानं यायचा.
आता नियम बदललेत, पुन्हा बदलतील.
तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?
साठ डॉलर देतो."
दर बुधवारी क्लबात तू सांगायचास म्हणे,
या आठवड्यात बसतो घेऊन.

तुझं हे "बसतो" मला माहीत आहे.
नावेच्या बरगड्या अकरा वर्षं छताला टांगून आहेत.
स्वयंपाकघरातला खण लागत नाही, तो नाहीच लागत.
किपला लिहायला घेतलेलं पत्र
"प्रिय किप"पाशी थांबलंय.
खाणीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
दुसऱ्यांचं सगळं केसाच्या जाडीपर्यंत पुरं करून दिलंस,
घरी मात्र भिजत घोंगडं.

हेही त्यातलंच, म्हणून मी झाकण लावणार होते.
तळाशी पावती होती.
अकरा नोव्हेंबर.

आठ नोव्हेंबरला आपण कॉर्डलेनला गेलो होतो.
डॉक्टरांनी तुला कागदावर एक गोल काढायला सांगितला,
आणि आपणच काढलेल्या गोलाकडे एकदा बघून
तू खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत बसलास.

किपला फोनवर तारीख सांगितली.
स्पोकॅनहून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला, "आई, बाबांच्या मनात स्वतःचं काही..."
म्हटलं, तीन तयार पडलीत की कपाटात,
नंबरांसकट, किल्ली कायम त्यांच्याच खिशात.
तसं करायचं असतं तो माणूस
अर्धवट माल मागवून पंधरा दिवस टपालाची वाट बघत नाही.
"शेरीफकडे देऊन टाक," म्हणाला.

फोन ठेवून चष्मा लावला.
सांगाडा दिव्याखाली धरला.
साच्यानं जागा आखून दिलेली असताना
तिच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा.
गिरमिट टेकलंय, घसरलंय.
पुन्हा टेकलंय, पुन्हा घसरलंय.
तिसऱ्यांदा नाही.

ऐंशीचे एक्याऐंशी झालेच नाहीत, व्हर्लिन,
एकोणऐंशी झाले.
आणि तू ते डब्यांमागे सारून, हात धुऊन
जेवायला आला असशील.
त्या थंडीत कधीतरी मटार केले होते मी,
काट्यावरून सांडत राहिले,
आणि आपण दोघं मिठाबद्दल बोलत राहिलो.

शनिवारी मर्ल आला. टोपी काढून दारातच उभा,
नोटा मोजून आणलेल्या.
मर्लची नजर तेज, अजून चष्म्याशिवाय घड्याळं उघडतो.
म्हटलं, खोका रिकामा निघाला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.
"गिरमिटं तरी?"

एकच होतं, म्हटलं,
आणि त्याला दिलं,
तेलकट कागदातलं.