पंचवीस पायऱ्या

मार्चातच सुरू केलं शोधायला.
लेस्टरला बाहेर अजून दात वाजत होते
आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून
ऑगस्टमधला समुद्र भाड्याने घेत होते.

फाइलीला जायचं, एवढंच ठरलेलं.
लांब वाळू, उथळ पाणी, गर्दी बेताची.
बाकी सगळं वहीत:
ऋतला पाळणा, चारी बाजूंनी पक्का.
सानिकाला खिडकी, पण बाहेर वाकता येणार नाही अशी.
श्रीरंगला गाडी लावायला जागा, फुकट.
आप्पांना तळमजला.
आणि मला, हे वहीत लिहिलं नव्हतं,
चार दिवस दुसऱ्या कुणी केलेला चहा.

‘कुटुंबांचे स्वागत’ सगळेच म्हणतात.
एकीकडे स्वागत होतं, पण सहा वर्षांखालची मुलं नकोत.
एकीकडे मुलं चालतील, रात्री नऊनंतर रडणं नको.
एका ठिकाणी समुद्र दिसण्याचे वेगळे वीस पौंड
आणि ओझरता दिसण्याचे आठ.
ओझरता म्हणजे किती, विचारलं मी,
तर तो गृहस्थ म्हणाला, तुमची मान किती वळते त्यावर आहे.

श्रीरंग म्हणाला, कॅराव्हॅन घेऊ.
आप्पा म्हणाले, मला इथेच राहू द्या,
फ्रीजमध्ये वरण ठेवा, झालं.
असं ते दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी
बॅग आधीच भरलेली असते पलंगाखाली.

तळमजला कुठेच मिळेना.
यादीत अगदी खाली एक नाव उरलं, मिसेस हेबलथ्वेट.
पडदे फोटोतसुद्धा विटलेले.
फोनवर विचारलं, जिना किती पायऱ्यांचा?
“कधी मोजला नाही गं,” म्हणाली, “थांब.”
आणि रिसीव्हर बाजूला ठेवून गेली.

मी ऐकत राहिले.
एक. दोन. सपातांचा आवाज. सात.
चौदाला थांबली, कुत्र्याला काही बोलली,
मग पुन्हा एकपासून अकरा.
मग बराच वेळ काहीच नाही.
तव्यावरची पोळी करपली, मी उलटली नाही.
ती परत आली धापा टाकत:
“पंचवीस. मध्ये वळण. कठडा एकाच बाजूला,
चढताना डावीकडे.”

आप्पांचा डावा हात चांगला आहे.
उजवा त्या डिसेंबरपासून नुसता सोबतीला असतो.
चढतील, म्हटलं,
पण उतरताना कठडा उजवीकडे येणार.

ती क्षणभर गप्प.
“माझा नवरा उलटा उतरायचा,” म्हणाली,
“पायऱ्यांकडे तोंड करून,
धक्क्यावरून शिडीने होडीत उतरतात ना, तसा.
शेवटची तीन वर्षं. एकदाही पडला नाही.”

पाळण्याचं विचारायचं राहूनच गेलं.
गाडीचंही.
वही मिटली आणि कार्डाचा नंबर सांगून टाकला.

ऑगस्टमध्ये पाळणा निघाला एका बाजूने सुतळीने बांधलेला,
गाडी चर्चच्या मागे, रोजचे साडेचार पौंड.
पहिले दोन दिवस समुद्र धुक्यात.
नुसता ऐकू यायचा,
पलीकडच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडत असावं तसा.

सकाळी खालून माशांचा धूर वर यायचा.
आप्पा आधी नाकाला रुमाल बांधायचे,
मग डावा हात कठड्यावर, पाठ आमच्याकडे,
एकेक पाऊल मागे टाकत खाली.
सानिका खालून मोजायची, मराठीत,
सतरानंतर थेट एकोणीस,
म्हणून तिचा जिना सव्वीस पायऱ्यांचा.
आणि दाराशी टोस्टची बशी धरून
मिसेस हेबलथ्वेट. तिचेही ओठ हलायचे.
बशीतला टोस्ट गार व्हायचा.

चहा शेवटी मीच केला, तिसऱ्या दिवशी, आलं किसून.
तिने दुसरा कप मागितला.