दबक्या पावलांची तालीम

शरणपूर रोडला टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर
पत्र्याची खोली आहे,
तिथं आम्ही दर गुरुवारी गातो.
पेटी नाही, तबला नाही, तानपुराही नाही.
थेंबिंकोसी म्हणायचा, घसा आहे ना? पुरे.

तो डर्बनचा. इथं इंजिनिअरिंगला आला,
गणितात दोनदा गटांगळी खाल्ली
आणि आम्हाला मात्र पहिल्या झटक्यात पास केलं.

खर्ज शद्रककाकांचा.
नोटप्रेसमध्ये तेवीस वर्षं कागद मोजला,
अजून मात्रा मोजतात त्या अंगठा ओला करून.
दुकान मुश्ताकचं, आणि सगळ्यात वरचा सूरही त्याचाच,
इतका बारीक की खालचे रिक्षावाले माना वर करतात.
दमयंती सिव्हिलला नर्स. तिच्या आवाजात
कुणीतरी आत्ताच झोपलंय.
मी मधला.
माझा सूर ऐकू येत नाही. नसला की येतो.

पहिल्या दिवशी त्यानं चपला काढायला लावल्या.
म्हणाला, खाणीतल्या मजुरांच्या बराकी, शनिवारची रात्र,
पहारेकरी उठू नये म्हणून
टाचा उचलून नाचायची माणसं.
त्या चालण्याला झुलूत शब्द आहे,
त्याची सुरुवात जिभेनं दातामागे चुकचुकून होते.
आम्हाला जमेना. मग काका म्हणाले,
अरे, पाल!
आणि चौघांच्या तोंडून पाल चुकचुकली.

मागच्या पगारबाईंना रक्तदाब,
तेव्हा दबकी पावलं आम्हाला परकी नव्हतीच.

जाझ त्यात कुठून आला, विचारू नका.
सरळ चाललेल्या ओळीत तो मधेच
कोमल निषाद टांगून ठेवायचा,
दार उघडून आत यायचं विसरल्यासारखा.
मुश्ताक ओरडायचा, अरे, सोडव त्याला!
तो हसायचा. सोडवायचा नाही.

एकदा काकांनी सांगितलं,
इथं पूर्वी गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली
आफ्रिकेची पोरं राहायची. लोहारकाम शिकली, मराठी शिकली.
रात्री काय गात असतील, कुणी लिहून नाही ठेवलं.
थेंबिंकोसी म्हणाला, ती माझी नव्हेत,
माझ्या गावापासूनही फार लांबची.
तरी त्या दिवशी तालमीला बसला नाही,
रस्त्यावर एकटा फिरत राहिला, काळोख होईपर्यंत.

जूनमध्ये व्हिसा संपला.
आता तो फोनवर हाक देतो, आम्ही उत्तर.
मधे दीड सेकंद.
त्याच्याकडे आम्ही कायम उशिरा पोचतो.
माफी मागितली तर म्हणतो,
उशीर म्हणजे चूक, असं कुणी शिकवलं तुम्हाला?

कालचा गुरुवार.
चौघं अनवाणी, टाचा उचललेल्या,
फोन टायरवर उभा करून ठेवलेला,
काकांचा अंगठा ओला.
रेंज गेली असावी.
आम्ही तसेच. श्वास घेतलेला, सोडलेला नाही.

मागची खिडकी करकरली.
पगारबाई म्हणाल्या,
काय हो, आज गात का नाही?