उरलेल्या गोळ्या

सोमवारी माझं काम मोजण्याचं.
म्बराराच्या विद्यापीठाचं इस्पितळ,
क्षयाच्या वॉर्डामागची खोली,
खिडकीबाहेर हिरवळीवर नातेवाइकांची धुणी वाळत असतात.
निळ्या ट्रेवर गोळ्या ओतायच्या,
पट्टीनं पाच-पाच सरकवायच्या.
दिलेल्यातून उरलेल्या वजा करा,
म्हणजे रुग्ण किती खरं बोलतो ते कळतं,
असं प्रोफेसर कातुरामु म्हणतात
आणि विद्यार्थी लिहून घेतात.

वजाबाकी सहसा जुळत नाही.
कुणी चार गोळ्या खोकणाऱ्या भावाला दिलेल्या असतात,
कुणी येता येता केळीच्या बुंध्याशी पुरलेल्या,
माझ्यासमोर बाटली रिकामी दिसावी म्हणून.
मी रागवत नाही.
रकान्यात लिहिते, फरक: चार.

कोबुसिंगे रांगेत अकरावी होती,
एकटी.
मी विचारलं, न्याबो, बाम्विने कुठाय?
तिनं बाटली टेबलावर ठेवली.
"बुधवारी पहाटे गेला.
तिसऱ्या आठवड्यातल्या.
मग म्हटलं, गोळ्या तुमच्या आहेत."

संमतीच्या दिवशी त्याचं डोकं फुटत होतं,
तरी चौदाच्या चौदा पानं
त्यानं माझ्याकडून वाचून घेतली.
नेहमीचं औषध सगळ्यांनाच,
वर ही एक जास्तीची गोळी,
काहींची खरी, काहींची नुसती खडूची.
"मला कुठली, ते तुला माहीत असेल?"
नाही.
"प्रोफेसरांना?"
त्यांनाही नाही.
"मग हरकत नाही," म्हणाला,
आणि शाईत अंगठा बुडवला, जरा जास्तच खोल.

मी ओतल्या.
पाच, दहा, पंधरा, वीस, आणि चार.
छपन्नातून चोवीस गेले, बत्तीस.
सोळा दिवस, सकाळ-संध्याकाळ.
तीन वर्षांत पहिल्यांदाच हिशोब चोख.

"थांबा," ती म्हणाली,
आणि कमरेच्या गाठीतून
वहीच्या कागदाची पुडी काढली.
"ही मंगळवार रात्रीची.
गिळता आली नाही त्याला.
ओठांतून परत आली, मी पुसून ठेवली."
कडा विरघळलेल्या,
अंक पुसट,
एका बाजूला कागदाची निळी रेघ उमटलेली.

इंटर्न ओगवांगनं नियमांची फाइल उघडली.
हरवलेली गोळी, फुटलेली, भिजलेली,
उंदरानं खाल्लेली,
प्रत्येकीला एकेक सांकेतिक आकडा होता.
तो पानं उलटत राहिला.

"मी चाटून पाहिली," ती हळूच म्हणाली.
"कडू होती.
म्हणजे खरंच औषध होतं ना त्याचं?"

कडू दोन्ही असतात.
खडूला कडू करायला
कुणीतरी वेगळा खर्च मंजूर केलेला आहे.
पान नऊ.
मीच वाचून दाखवलं होतं,
तेव्हा ती त्याच्या कपाळावरचं फडकं
बादलीत पिळत होती.

"कडूच असते ती," मी म्हणाले.
एवढंच.
ती मान हलवत राहिली,
जणू मी पुढे आणखी काही बोलणार होते.

परत आलेल्या: पंचवीस.
शेरा लिहायला दीड ओळ जागा होती,
पेन टेकवून ठेवलं, मग उचललं.
बाहेर बाराव्या नंबरचा म्हातारा खोकत होता.

उठता उठता तिनं विचारलं,
"बाटली नेऊ? मीठ ठेवायला बरी पडेल."
रिकाम्या बाटल्याही परत घ्यायच्या असतात.
मी ओगवांगकडे पाहिलं.
तो खिडकीतून
कुणाची तरी हिरवी चादर वाऱ्यानं उडताना बघत होता,
फार लक्ष देऊन.

लेबल तेवढं मी सोलून घेतलं.
क्रमांक एकशे सदतीस.
नीट निघेना, तुकड्यातुकड्यानं आलं.
त्याचा डिंक नखाखाली
संध्याकाळपर्यंत चिकटून होता.