जानेवारीच्या सतराला

कारेल, तुझी फाइल वाचली. अठ्ठावीस स्लाइड्स.
पंचविसावीपर्यंत पैशाचा शब्द नाही
आणि सव्विसावीवर एकदम वीस लाख युरो,
जेवण आटोपल्यावर वेटरनं हळूच बिल सरकवावं तसे.

इथे तार्तूत नदी गोठली आहे.
शेजारचा वाम्बोला सकाळी शेडमध्ये उभा राहून
लाकडं मोजत होता.
सतरा जानेवारी म्हणजे त्याच्या हिशोबात हिवाळ्याची मधली रेघ:
अर्धी लाकडं शिल्लक हवीत.
नसतील तर एक खोली आजच बंद करायची,
मार्चमध्ये नाही.

तुझ्या कंपनीची ही तारीख कधी येते?
काढ, आणि फळ्यावर लिही, सगळ्यांना दिसेल अशी.
मी माझी लपवली होती.
अकरा माणसं होती माझ्याकडे;
त्यांना बँकेनं सांगितलं, मी नाही.

आणि "बघू" या शब्दाला भुलू नकोस.
गुंतवणूकदार तोंडावर नाही म्हणत नाहीत.
कॉफी पाजतात, कल्पना आवडली म्हणतात,
निघताना तुझा कोट खुंटीवरून काढून हातात देतात.
अशा एका "बघू"वर मी चार महिने कंपनी चालवली.
तो जमेत धरायचा नसतो.
खर्चात धर: रेल्वेचं तिकीट, इस्त्रीचा शर्ट, गेलेला मंगळवार.

तार्मोची गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धीच.
सौनात बसून, घामाघूम, रात्री एक वाजता
आम्ही ठरवलं: अर्धं तुझं, अर्धं माझं.
नवव्या महिन्यात तो हेलसिंकीच्या बोटीत बसला
आणि अर्धी कंपनी त्याच्या बॅगेबरोबर गेली.
माणूस वाईट नव्हता. कागद नव्हता.
हिस्सा वर्षावर्षानं पिकू दे,
पहिल्या वर्षाआत जो जाईल त्याला काही नाही,
हे मैत्री ताजी असतानाच लिहून घे.
यात अविश्वास कसला?
जिन्याला कठडा असतोच की,
आणि आपण काही रोज पडत नाही.

सुपिलिन्नमध्ये, जिथे रस्त्यांना वाटाण्याची-बटाट्याची नावं आहेत,
लेइदाबाई राहायच्या. त्या माझ्या पहिल्या गिऱ्हाईक.
भिंतीतली ओल मोजणारी आमची डबी
त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली,
म्हणाल्या, दिसायला भिकार आहे.
मग ॲप पाहिलं. सहा महिने आम्ही ते रंगवत होतो.
हे नको, त्या म्हणाल्या. ओल वाढली की फोन करा.
आणि बिस्किटांच्या डब्यातून नव्वद युरो मोजून दिले.

त्या नव्वदांनी मला जे शिकवलं
ते नंतर आलेल्या तीन लाखांनी विसरायला लावलं.
तीन लाखांचं मी ऑफिस घेतलं, काचेचं.
काचेतून नदी दिसायची. लेइदाबाई दिसायच्या नाहीत.

तुला ओळखी हव्यात. देईन.
पण आधी पाच माणसं आण,
तुझे मित्र नसलेली,
ज्यांनी खिशात हात घालून पैसे दिलेत.
"फार छान" म्हणणारी पन्नास नकोत.

आणि करार आला की शेवटून वाच.
पुढच्या पानांवर लग्नाची बोलणी असतात,
मागच्या पानावर घर कुणाच्या नावावर राहील ते.

एक राहिलं.
तुझ्या खर्चाच्या तक्त्यात सर्व्हर आहे, वकील आहे,
ऑफिसातल्या कुंड्यांना पाणी घालणारासुद्धा आहे.
तू नाहीस.
तुझ्या पगाराची ओळ रिकामी आहे,
आणि तू रात्री बहिणीकडे जेवतोस असं ऐकते.
तीन वर्षं माझीही रिकामी होती.
मी तिला त्याग म्हणायचे;
माझे दोन दात काढणारी डॉक्टर
वेगळंच काही म्हणाली.
आकडा लिही. लहान चालेल.
मग सगळं गणित पुन्हा कर.

अंधार पडला, साडेचारलाच.
वाम्बोलाच्या चारपैकी तीन खिडक्यांत दिवा आहे.
धुराड्यातून धूर निघतोय,
बारीक, सरळ.